अडीचशे नोकऱ्यांचा हिशेब

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील ग्रेलिंग या जेमतेम १,९०० लोकवस्तीच्या गावाजवळ, चिलीतील आराउको या कंपनीने उभारलेला पार्टिकल बोर्डचा कारखाना २०१९ साली सुरू झाला. त्याच्याविषयी बोलताना तीन आकडे हमखास सांगितले जात : ४० कोटी डॉलरहून अधिक गुंतवणूक, वर्षाला सुमारे ८ लाख घनमीटर उत्पादनक्षमता आणि सुमारे २५० कायमस्वरूपी नोकऱ्या. यांतला पहिला आणि तिसरा आकडा शेजारी ठेवला, तर एका नोकरीमागे किमान १६ लाख डॉलर भांडवल गुंतल्याचे दिसते आणि एवढ्या भांडवलात एवढीच माणसे कामाला लागणार असतील, तर अशा प्रकल्पाला रोजगारनिर्मितीचा प्रकल्प का म्हणावे, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर कारखान्याच्या फाटकाआड मिळत नाही. ते आसपासच्या जंगलात, लाकूड वाहणाऱ्या ट्रकांत, लाकूड कापणाऱ्या गिरण्यांत आणि काही प्रमाणात शेकडो किलोमीटर दूरच्या फर्निचर उद्योगात शोधावे लागते. मात्र फाटकाबाहेरचा रोजगार मोजताना पूर्वीपासून असलेली कामेही नव्या कारखान्याच्या खात्यावर जमा होण्याचा धोका असतो आणि म्हणून हा हिशेब जितका आवश्यक तितकाच निसरडा आहे.

फळी कशी तयार होते

पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचे बारीक कण रेझिनमध्ये, म्हणजे उष्णतेने घट्ट होणाऱ्या कृत्रिम चिकट द्रव्यात, घोळवून त्यांचा थर उष्णता व दाब यांच्या साहाय्याने दाबून तयार केलेली फळी. प्लायवुडसाठी बुंध्यावरून पातळ पापुद्रे सोलून ते आडवे-उभे चिकटवावे लागतात आणि एमडीएफसाठी लाकूड वाफवून त्याचे तंतू सुटे करावे लागतात. पार्टिकल बोर्डला मात्र सरळ, जाड, गाठी नसलेल्या ओंडक्याची गरज नसते, कारण लाकूड शेवटी कणांच्याच रूपात वापरले जाते. कमी जाडीचे, वाकडे, एरवी सरपणालाही नाखुशीने घेतले जाईल असे लाकूड आणि गिरणीतला भुसा, ढलप्या, रंध्याचे छिलके हे सारे त्याला चालते. जर्मनीतील माक्स हिमेलहेबर यांनी १९३० च्या दशकात हे तंत्र विकसित केले, तेव्हा तोडलेल्या झाडाचा फार मोठा भाग उपयोगात न येता वाया जातो, हीच गोष्ट त्यांच्यापुढे होती. पहिला व्यावसायिक कारखाना १९४१ मध्ये, युद्धकाळातील लाकूडटंचाईच्या दिवसांत, ब्रेमेन येथे सुरू झाला. आज कार्यालयांतील टेबले, मॉड्युलर किचनमधील कपाटे, पुस्तकांच्या मांडण्या यांच्या पोटात बहुधा हीच फळी असते आणि वरून दिसतो तो रेझिनमध्ये भिजवलेल्या छापील कागदाचा थर, जो उष्णतेने फळीवर कायमचा चिकटवलेला असतो.

ग्रेलिंगच्या कारखान्यातील मुख्य यंत्र म्हणजे डीफेनबाखर या जर्मन कंपनीचा, ५० मीटरहून अधिक लांबीचा अखंड चालणारा प्रेस. वाळवून, चाळून, रेझिन लावलेले कण एका पट्ट्यावर सारख्या जाडीने पसरले जातात. पृष्ठभाग गुळगुळीत यावा म्हणून बारीक कण वरच्या-खालच्या थरात आणि जाडसर कण मध्ये, अशी त्यांची रचना असते. कणांची ही सैल गादी दोन तापलेल्या पोलादी पट्ट्यांच्या मधल्या फटीत शिरते, पुढे सरकताना दबत जाते, रेझिन घट्ट होते आणि दुसऱ्या टोकातून एकसंध फळी बाहेर पडते, जी लगेच ठरावीक मापात कापली जाते. जुन्या पद्धतीच्या प्रेसमध्ये अनेक कप्पे असत, ते भरायचे, दाबायचे, उघडायचे आणि रिकामे करायचे अशी टप्प्याटप्प्याने कामे चालत. अखंड प्रेसमध्ये हे टप्पेच उरले नाहीत आणि त्यांबरोबर त्या टप्प्यांवर काम करणारे हातही कमी झाले.

फाटकाच्या आत

असा प्रेस थांबवणे आणि पुन्हा तापवून सुरू करणे खर्चिक असते, त्यामुळे देखभालीचे दिवस सोडले तर कारखाना रात्रंदिवस चालवावा लागतो. अडीचशे माणसे चार पाळ्यांत आणि कार्यालय, प्रयोगशाळा, गोदाम, देखभाल अशा विभागांत वाटली, तर रात्रीच्या पाळीला एवढ्या अवाढव्य इमारतीत पन्नासेकच माणसे हजर असणार, असा अंदाज बांधता येतो. त्यांतील अनेकांचे काम नियंत्रण कक्षातील पडद्यांसमोर असते : कणांतील ओलावा, रेझिनचे प्रमाण, पट्ट्यांचे तापमान, फळीची जाडी यांवर लक्ष ठेवायचे आणि बिघाड होण्याआधीच तो ओळखायचा. उरलेल्यांत इलेक्ट्रिशियन, यंत्रांची जोडणी-दुरुस्ती करणारे फिटर, हायड्रॉलिक यंत्रणा जाणणारे तंत्रज्ञ, फळीचा तुकडा ओढून, वाकवून, पाण्यात भिजवून तपासणारे प्रयोगशाळा सहायक आणि फोर्कलिफ्ट चालवणारे असतात. लाकडाची कोरडी धूळ हवेत ठरावीक प्रमाणात मिसळली की एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो, त्यामुळे धूळ ओढून घेणाऱ्या नळ्यांतील ठिणगीशोधक यंत्रणेची देखभाल ही अशा कारखान्यातील जीवनमरणाची बाब असते.

अंगमेहनतीची कामे येथे थोडी आणि शिकून घ्यावी लागणारी कामे अधिक आहेत, हा या रोजगाराचा पहिला विशेष. ज्या क्रॉफर्ड काउंटीत, म्हणजे आपल्याकडील तालुक्याएवढ्या पसरलेल्या प्रशासकीय विभागात, हा कारखाना आहे, तिची एकूण लोकसंख्याच सुमारे १३,००० असून तीत उतारवयाच्या लोकांचे प्रमाण मोठे आहे. अशा ठिकाणी अडीचशे प्रशिक्षित माणसे तयार मिळत नाहीत. ती घडवावी लागतात, बाहेरून आणावी लागतात किंवा शेजारच्या उद्योगांतून ओढावी लागतात. ग्रेलिंगमध्येच असलेल्या कर्टलंड कम्युनिटी कॉलेजसारख्या संस्थांना म्हणूनच महत्त्व येते. बारावीनंतरचे एक-दोन वर्षांचे व्यावसायिक शिक्षण कमी शुल्कात देणाऱ्या या सार्वजनिक संस्था वेल्डिंग, औद्योगिक वीजजोडणी, यंत्र व इलेक्ट्रॉनिक्स यांची सांगड घालणारे मेकॅट्रॉनिक्स असे अभ्यासक्रम चालवतात आणि एखाद्या गावात मोठा कारखाना यायचा की नाही, हे काही अंशी अशा संस्थेच्या अस्तित्वावरही ठरते.

जंगलापासून काट्यापर्यंत

फाटकाबाहेरचा रोजगार समजण्यासाठी एक ढोबळ हिशेब उपयोगी पडेल. पार्टिकल बोर्डचे वजन घनमीटरला साधारण ६०० ते ७०० किलो भरते, म्हणजे पूर्ण क्षमतेने चालणारा हा कारखाना वर्षाला पाच लाख टनांच्या आसपास फळी बाहेर काढतो. ताज्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणीच असते आणि ते वाळवताना उडून जाते, हे लक्षात घेतले तर कच्च्या मालाचे वजन याहून कितीतरी अधिक भरणार हे उघड आहे. मिशिगनमध्ये लाकूड वाहण्यासाठी अकरा आसांचे ट्रक वापरले जातात. अमेरिकेच्या संघराज्य महामार्गांवर सर्वसाधारण मर्यादा मालासह सुमारे ३६ टनांची असताना या राज्यात अशा ट्रकांना सुमारे ७४ टनांपर्यंत परवानगी आहे. एवढे मोठे ट्रक धरूनही कारखान्याच्या वजनकाट्यावर दिवसाला पन्नास-साठ गाड्या याव्या लागतात आणि तयार माल घेऊन बाहेर पडणाऱ्या गाड्या व रेल्वेच्या वाघिणी वेगळ्याच.

या प्रत्येक गाडीमागे कामांची एक साखळी असते. जमीनमालक, मग तो राज्याचा वनविभाग असो, संघराज्याची वनसेवा असो की चाळीस-पन्नास एकर झाडी बाळगून असलेले एखादे कुटुंब, तो तोडीचा हक्क विकतो. वनतज्ज्ञ कोणती झाडे काढायची ते रंगाने खुणावून देतो. तोडणी करणारी छोटी कंत्राटी फर्म, जी बहुधा एखाद्या कुटुंबाचीच असते, दोन यंत्रे घेऊन जंगलात उतरते. त्यांतले हार्वेस्टर झाड पकडून तोडते, फांद्या सोलते आणि ठरलेल्या लांबीचे तुकडे करते, तर फॉरवर्डर ते तुकडे उचलून रस्त्याकडेला रचते. ही यंत्रे लाखो डॉलरची असतात आणि बँकेच्या कर्जावर घेतलेली असतात, त्यामुळे वर्षभर विश्वासाने माल घेणारा मोठा ग्राहक जवळ असणे हे अशा फर्मसाठी नुसत्या भावापेक्षा मोलाचे ठरते. कामाला ऋतूंचाही अडसर असतो : वसंतात गोठलेली जमीन वितळू लागली की रस्त्यांचा पाया मऊ होतो आणि वजनाची मर्यादा रस्त्याच्या प्रकारानुसार जास्तीत जास्त पस्तीस टक्क्यांनी कमी केली जाते. मिशिगनमधले ट्रकवाले आणि तोडणीदार या निर्बंधांना ‘फ्रॉस्ट लॉ’ म्हणतात. त्या आठवड्यांत लाकूड येणे मंदावते, म्हणून कारखान्याला हिवाळ्यातच लाकडाची मोठी रास लावून ठेवावी लागते आणि तोडणीदारांचे उत्पन्नही वर्षभर सारखे राहत नाही.

ही झाडे तेथे कशी आली, हा प्रश्न रोजगाराच्या चर्चेत सहसा विचारला जात नाही. ग्रेलिंगच्या बाबतीत मात्र तो टाळता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिशिगन हे अमेरिकेतील सर्वाधिक इमारती लाकूड देणारे राज्य होते आणि ओ सेबल नदीकाठची पांढऱ्या पाइनची जंगले त्या काळात जवळजवळ पूर्णपणे तोडली गेली; ग्रेलिंगजवळच्या हार्टविक पाइन्स उद्यानात ४९ एकरांचा मूळ वृक्षसमूह उरला आहे, तेवढाच त्याचा पुरावा. मागे राहिलेल्या वाळूमय, वणव्यांनी होरपळलेल्या जमिनीवर शेती टिकली नाही. पुढे १९३० च्या महामंदीत संघराज्य सरकारने बेकार तरुणांसाठी सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर ही योजना काढली. दुष्काळी कामांच्या परंपरेतून आलेली रोजगार हमी योजना ज्यांनी पाहिली आहे, त्या मराठी वाचकांना तिची कल्पना सहज येईल. १९३३ ते १९४२ या काळात तळांवर राहून, महिना तीस डॉलर वेतनातील बहुतेक रक्कम घरी पाठवणाऱ्या या तरुणांनी एकट्या मिशिगनमध्ये ४८.४ कोटी झाडे लावली. आज राज्याचा निम्म्याहून अधिक भूभाग, म्हणजे सुमारे दोन कोटी एकर, वनाच्छादित असून तेथे दर वर्षी जेवढे लाकूड तोडले जाते त्याहून अधिक नव्याने वाढते.

लावलेल्या पाइनच्या रांगा वाढू लागल्या की त्यांची विरळणी करावी लागते. म्हणजे उरलेल्या झाडांना प्रकाश व पाणी मिळावे म्हणून मधली काही झाडे काढावी लागतात. विरळणीत निघणारे लाकूड बारीक असते, फळ्या पाडण्याजोगे नसते आणि ते विकत घेणारे कोणी नसेल, तर विरळणीचा सगळा खर्च मालकाच्या अंगावर पडतो व ती लांबणीवर पडत जाते. पार्टिकल बोर्डचा कारखाना अशा लाकडाला बाजारभाव देतो, हा त्याचा जंगलाच्या दृष्टीने मोठा उपयोग आहे. त्याच भागातील जॅक पाइनच्या जंगलांना याची आणखी एक बाजू आहे. कर्टलंड वॉर्बलर हा छोटा पिवळसर पक्षी जॅक पाइनच्या कोवळ्या, दाट वाढीतच घरटे करतो; १९७४ च्या गणनेत त्याचे अवघे १६७ गाणारे नर आढळले होते. ठरावीक वयाचे जंगल टप्प्याटप्प्याने तोडायचे आणि पुन्हा लावायचे, या पद्धतीने अधिवास टिकवल्यामुळे त्याची संख्या दोन हजार जोड्यांच्या पुढे गेली आणि २०१९ मध्येच त्याचे नाव धोक्यातील प्रजातींच्या यादीतून वगळण्यात आले. अशा तोडीतून निघणाऱ्या हलक्या प्रतीच्या लाकडाला गिऱ्हाईक असणे, हे संवर्धनाचा खर्च हलका करणारे असते.

नवी कामे किती, हललेली किती

अर्थशास्त्रात अशा प्रकल्पाचा रोजगार तीन थरांत मोजला जातो. कारखान्याच्या पगारपटावरील माणसे हा प्रत्यक्ष रोजगार. तोडणीदार, ट्रकचालक, रेझिन व सुटे भाग पुरवणारे हा अप्रत्यक्ष रोजगार. आणि या दोन्ही गटांनी आपला पगार गावात खर्च केल्यामुळे दुकानदार, न्हावी, दंतवैद्य, घरबांधणी कारागीर यांना मिळणारे काम हा प्रेरित रोजगार. एका प्रत्यक्ष नोकरीमागे तिन्ही मिळून किती नोकऱ्या निर्माण होतात, ते दाखवणाऱ्या संख्येला गुणक म्हणतात. एका उद्योगाचे उत्पादन दुसऱ्याचा कच्चा माल कसे बनते, याची कोष्टके मांडण्याची रीत वासिली लिऑन्टिफ यांनी घालून दिली, त्यासाठी त्यांना १९७३ मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला आणि त्या कोष्टकांवर आधारलेली, अमेरिकेत आज सर्वत्र वापरली जाणारी ‘इम्प्लॅन’ ही गणनप्रणाली १९७० च्या दशकात मुळात वनसेवेनेच वनयोजनांचे आर्थिक परिणाम तपासण्यासाठी तयार केली होती.

या पद्धतीचा दोष असा, की कारखाना उभा राहिल्यावर कोणकोणत्या कामांचा त्याच्याशी संबंध जुळला ते ती सांगते, पण तो उभा राहिला नसता तर त्या माणसांनी काय केले असते, ते तिला सांगता येत नाही. ग्रेलिंगच्या परिसरात १९८० च्या दशकापासून ओएसबीचा, म्हणजे लाकडाच्या लांबट चकत्या दाबून केलेल्या बांधकामाच्या फळ्यांचा, कारखाना चालू होता आणि लाकडी अवशेष जाळून वीज करणारे केंद्र १९९० च्या दशकापासून होते. नवा ग्राहक आला की बारीक लाकडाचा आणि भुशाचा भाव वाढतो. त्यात जमीनमालक, तोडणीदार आणि भुसा विकणारे गिरणीवाले यांचा लाभ असतो, पण त्याच मालावर जगणाऱ्या जुन्या ग्राहकांचा खर्च वाढतो. ओएसबीसाठी नेण्यात येणारे लाकूड जर पार्टिकल बोर्डकडे वळले, तर त्या ट्रकवाल्याचे काम नवे नव्हे, त्याने फक्त माल उतरवण्याचे ठिकाण बदलले. इलेक्ट्रिशियनचेही तसेच : जुन्या गिरणीतून नव्या कारखान्यात गेलेल्या माणसाला वाढीव पगार मिळाला, हे खरे असले तरी जुन्या गिरणीतील रिकामी जागा भरली गेली, तरच एक नोकरी वाढली असे म्हणता येते.

उलट बाजूने पाहिले, तर काही कामे कारखाना नसता तर निश्चितच झाली नसती. गिरणीतल्या भुशाला गिऱ्हाईक नसेल, तर तो टाकायलाही पैसे मोजावे लागतात आणि चौकोनी फळी पाडताना ओंडक्याचा मोठा भाग भुसा, ढलप्या व साल यांच्या रूपाने उरत असल्याने त्यांची विक्री हा अनेक गिरण्यांच्या नफा-तोट्यातला निर्णायक भाग असतो. हे ग्रेलिंगच्या उत्तरेस सुमारे ४५ किलोमीटरवर असलेल्या गेलॉर्ड गावाच्या अनुभवावरून दिसते. तेथे १९६० च्या दशकापासून पार्टिकल बोर्डचाच कारखाना होता. तो २००६ मध्ये बंद झाला, दोनशेहून अधिक कामगारांची नोकरी गेली आणि परिसरातल्या गिरण्यांचा व तोडणीदारांचा एक हुकमी ग्राहकही गेला. लगोलग घरबांधणीचा बाजार कोसळला. २००५ साली अमेरिकेत २० लाखांहून अधिक घरांचे बांधकाम सुरू झाले होते, तो आकडा २००९ मध्ये साडेपाच लाखांवर आला. मोटार उद्योगावर अवलंबून असलेल्या मिशिगनमध्ये बेकारी त्या वर्षी १४ टक्क्यांच्या आसपास पोहोचली. ग्रेलिंगच्या अडीचशे नोकऱ्या या इतिहासाच्या पार्श्वभूमीवर वाचल्या, तर त्यांतील बऱ्याचशा तेरा वर्षांपूर्वी त्याच परिसरातून गेलेल्या नोकऱ्यांची भरपाई होत्या, असे म्हणावे लागते. मात्र मधल्या काळात वय वाढलेल्या, गाव सोडून गेलेल्या त्याच कामगारांना त्या परत मिळाल्या, असे त्यातून सिद्ध होत नाही.

सवलतीने काय साधते

मिशिगन राज्य अशा प्रकल्पांसाठी ‘पुनरुज्जीवन क्षेत्र’ घोषित करते. या क्षेत्रातील उद्योगाला काही वर्षे बहुतेक राज्य व स्थानिक कर माफ असतात आणि वनोत्पादनांवर प्रक्रिया करणाऱ्या उद्योगांसाठी अशी तरतूद स्वतंत्रपणे केलेली आहे. ग्रेलिंगच्या प्रकल्पालाही तिचा लाभ मिळाला. मिशिगनमधीलच कॅलामझू येथील अपजॉन संस्थेतले अर्थतज्ज्ञ टिमथी बार्टिक यांनी २०१८ मध्ये अशा सवलतींवरील अनेक अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा सवलत मिळाली नसती तर कंपनीने तो निर्णय घेतलाच नसता, अशा प्रकरणांचे प्रमाण २ ते २५ टक्क्यांच्या दरम्यान आढळले. याचा अर्थ बहुसंख्य उद्योग सवलतीविनाही तेथेच आले असते, कारण त्यांना खेचणाऱ्या गोष्टी वेगळ्या असतात. आराउकोला चिलीतील रेडिएटा पाइनच्या वनशेतीचा व पॅनेल उद्योगाचा दीर्घ अनुभव होता; २०१२ मध्ये फ्लेकबोर्ड ही कंपनी विकत घेऊन ती उत्तर अमेरिकेच्या बाजारात मोठ्या प्रमाणावर उतरली होती. ग्रेलिंगमध्ये तिला वाढते जंगल, आय-७५ हा महामार्ग, रेल्वेमार्ग आणि जवळ ग्राहक मिळाले. त्याच राज्याच्या पश्चिम भागात ग्रँड रॅपिड्स, झीलंड, हॉलंड येथे स्टीलकेस, हर्मन मिलर, हॉवर्थ या कार्यालयीन फर्निचरच्या जगप्रसिद्ध कंपन्यांचा पसारा आहे आणि शेजारच्या ओहायो व इंडियाना राज्यांत स्वयंपाकघरातील कपाटे बनवणारा मोठा उद्योग आहे. फळी जड आणि तुलनेने स्वस्त असते. ती दूरवर वाहून नेली तर वाहतूकखर्चातच नफा जातो, म्हणून असा कारखाना जंगल आणि ग्राहक या दोहोंच्या मध्ये कोठेतरी बसवावा लागतो.

नोकऱ्यांचे आश्वासन आणि सवलत यांची सांगड घालण्याचा दुसरा नमुना नॉर्थ कॅरोलायना राज्यात दिसतो. ऑस्ट्रियातील एगर या कौटुंबिक मालकीच्या कंपनीने २०१७ मध्ये तेथील लेक्सिंग्टन गावाजवळ ७० कोटी डॉलरची गुंतवणूक आणि पंधरा वर्षांत ७७० नोकऱ्या, त्यांतील पहिल्या टप्प्यात सुमारे ४००, असे जाहीर केले आणि २०२० मध्ये तिचे पार्टिकल बोर्ड उत्पादन सुरू झाले. या राज्याच्या अनुदानाची पद्धत अशी, की ठरलेल्या वर्षी ठरलेल्या नोकऱ्या प्रत्यक्षात भरल्या गेल्या आणि ठरलेले वेतन दिले गेले, तरच त्या नोकऱ्यांवरील आयकरातून काही भाग कंपनीला परत मिळतो. नोकऱ्या भरल्याच नाहीत तर कंपनीला पैसेही मिळत नाहीत, ही या पद्धतीची जमेची बाजू. मात्र लेक्सिंग्टनचा भूतकाळ ध्यानात घेतल्यावर अपेक्षा मोजूनमापूनच ठेवाव्या लागतात. १९९० च्या आसपास या राज्यात फर्निचर उद्योगात सुमारे ९० हजार माणसे कामाला होती. आशियातून, मुख्यतः चीनमधून, आयात वाढली तशी पुढच्या दोन दशकांत ही संख्या निम्म्याहूनही खाली गेली. जेथे हजारो सुतार, रंगारी आणि पॉलिश करणारे काम करत, तेथे आता त्यांच्या उद्योगाला लागणारा कच्चा माल काहीशे तंत्रज्ञ तयार करतात.

टिकाऊपणाची कसोटी

प्रकल्पाच्या घोषणेच्या वेळच्या आकड्यांत न दिसणारी गोष्ट म्हणजे नोकरीचे आयुष्य. पार्टिकल बोर्डची मागणी घरबांधणी आणि कार्यालयांच्या सजावटीशी बांधलेली असते, त्यामुळे मंदीत सर्वांत आधी तिला झळ बसते; भांडवल जितके अधिक गुंतलेले, तितका कारखाना बंद ठेवणे मालकाला महाग पडते हे खरे असले, तरी एकदा तो जुना झाला आणि शेजारी अधिक वेगवान प्रेस आला, की तेच भांडवल त्याला वाचवू शकत नाही. बारीक लाकडाचा दुसरा मोठा ग्राहक असलेल्या कागद उद्योगाचे आकुंचन हेच दाखवते : छापील कागदाचा खप घटत गेल्याने शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातील विस्कॉन्सिन रॅपिड्सची मोठी कागदगिरणी २०२० मध्ये बंद झाली आणि तोडणीदारांचा एक आधार एका निर्णयात नाहीसा झाला. कागदगिरण्या कमी होत असताना पॅनेलचे कारखाने वाढणे वनप्रदेशाच्या हिताचे असते, परंतु एकाच मोठ्या ग्राहकावर सगळा परिसर विसंबला, तर भाव ठरवण्याची ताकदही त्याच्याकडे जाते.

पर्यावरणाची किंमतही या हिशेबात धरली पाहिजे. पार्टिकल बोर्डसाठी सर्वाधिक वापरले जाणारे रेझिन युरिया व फॉर्मल्डिहाइड यांपासून बनते आणि फॉर्मल्डिहाइड हा वायू कर्करोगकारक मानला जातो. अमेरिकेत २०१० साली संमत झालेल्या कायद्यानुसार तयार फळीतून बाहेर पडणाऱ्या या वायूची कमाल मर्यादा हवेच्या दशलक्ष भागांत ०.०९ भाग एवढी ठरली असून २०१८ पासून तिची अंमलबजावणी होत आहे. ही मर्यादा फळी वापरणाऱ्याचे रक्षण करते. कारखान्याच्या वाळवणी यंत्रातून व प्रेसमधून बाहेर पडणारा धूर, वास आणि धूळ यांवर स्वतंत्र परवाने व मोजमापे लागतात आणि त्यांवर लक्ष ठेवणे हे राज्याच्या यंत्रणेचे व स्थानिक रहिवाशांचे काम उरते.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. १९६४ पासून येथे सामूहिक प्रोत्साहन योजनेद्वारे मागास भागांतील उद्योगांना सवलती दिल्या जात आहेत आणि सामंजस्य करारांच्या प्रत्येक घोषणेत गुंतवणूक व रोजगार हे दोन आकडे ठळकपणे छापले जातात. पार्टिकल बोर्डच्या बाबतीतही सोलापूर जिल्ह्यातील वेळापूर येथे उसाच्या चिपाडापासून, म्हणजे बगॅसपासून, अशी फळी बनवण्याचा उद्योग उभा राहिला. पण तेच बगॅस साखर कारखाने सहवीजनिर्मितीसाठी जाळू लागल्यावर, एका अवशेषाला दोन ग्राहक असण्याचा ग्रेलिंगसारखाच पेच येथेही आला. अशा घोषणा वाचताना चार गोष्टी विचारल्या, तर नोकऱ्यांच्या आकड्याला अर्थ येतो : त्यांतील किती कामे कारखान्याविना झालीच नसती, कच्चा माल कोणाच्या तोंडचा काढला जाणार आहे, स्थानिक तरुणांना ती कामे शिकवणारी संस्था जवळ आहे का, आणि पाचव्या व दहाव्या वर्षी प्रत्यक्ष पगारपट मोजून तो जाहीर करण्याचे बंधन सवलतीच्या करारात आहे का. ग्रेलिंगच्या प्रकल्पाला या कसोट्या लावल्या, तर त्याचे समर्थन अडीचशे नोकऱ्यांवर फारसे उभे राहत नाही; वाढत्या जंगलातील विरळणीला, गिरण्यांच्या भुशाला आणि छोट्या तोडणीदारांना त्याने मिळवून दिलेल्या स्थिर बाजारावर ते उभे राहते, आणि हा बाजार पुढील मंदीतही टिकला तरच सोळा लाख डॉलरला एक नोकरी हा सौदा त्या परिसराला परवडला, असे म्हणता येईल.